गुरुवारच्या नळ्या

कापसात हात घालणे हा माझा धंदा होता. ऐकायला फार सोपे वाटते. शेतकऱ्याने पोते उघडायचे, मी कोपरापर्यंत हात आत घालायचा, अगदी मधली मूठभर रुई बाहेर काढायची, चिमटीत धरून तिचा धागा ओढून पाहायचा आणि एक शब्द बोलायचा. चांगली, मध्यम, नाहीतर परत न्या. त्या शब्दावर समोरच्या माणसाचे सगळे वर्ष ठरायचे, आणि मला पुढच्या पोत्याकडे वळावे लागायचे. अशा माणसाला आमच्याकडे पारखी म्हणत.

या अंकाच्या संपादकांचे म्हणणे असे की, हल्ली सरकी काढण्याच्या जिनांत काम करणाऱ्या तरुणांना आपल्या कामात सुधारणा करण्याची फार हौस आहे, तेव्हा जुन्या माणसाने चार उपयोगी सवयी सांगाव्यात. सांगतो. पण त्या मला कुणी शिकवल्या नाहीत आणि हुशारीनेही लागल्या नाहीत. मी मुळातला भित्रा माणूस. घरून निघताना कडी लावली की नाही हे पाहायला दोनदा परत फिरणारा. ज्याला आपल्या हाताचा भरवसा वाटतो त्याला सवयींची गरज पडत नसावी. मला तो कधीच वाटला नाही.

काळ होता अमेरिकेतल्या लढाईचा. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांना आमच्या वऱ्हाडची आठवण झाली. अमरावतीच्या बाजारात पहाटेपासून गाड्यांची रांग लागे. ज्यांनी जन्मात ज्वारीशिवाय काही पेरले नव्हते त्यांनीही कापूस लावला. आणि मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. पोत्याच्या तोंडाशी पांढरीशुभ्र रुई आणि पोटात सरकी, माती, कधी भिजवलेली रुई. चांदूर बाजाराकडचा एक सद्गृहस्थ दर खेपेला पोत्याच्या मधोमध एक दगड ठेवून आणी. माझा हात दगडाला लागला की कपाळाला हात लावून म्हणे, देवाची करणी पाहा. चार खेपा झाल्यावर मी त्याला विचारले की देव तुमच्याच पोत्यात का दगड ठेवतो. तो हसला, पण पाचव्या खेपेलाही दगड होताच. तो आता जरा लहान होता इतकेच.

दगड सापडतो. माती बोटांना लागते. आमचा खरा वैरी म्हणजे ओल. ओली रुई दिसायला कोरड्यासारखीच दिसते. ती तशीच दाबून तिची गाठ बांधली की आतल्या आत तापते, पिवळी पडते, कुजते. गाठ मुंबईला उघडेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. कधीकधी पेटतेही, असे सांगत. मी पेटलेली पाहिली नाही, पण माझ्या स्वप्नात ती पुष्कळदा पेटली.

मला हे काम दाजीबांनी शिकवले. दाजीबा म्हणजे आमच्या शेटजींचे जुने पारखी. कौंडण्यपूरकडचे. बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मी अमरावतीत तयार झालो तसे शेटजींनी त्यांना अकोल्याला पाठवले. आम्ही अमरावतीत घेतलेली रुई गाड्यांनी अकोल्याला जाई. तिथल्या आवारात लाकडी दाबाखाली तिच्या गाठी होत आणि पुढे गाड्यांनीच रेल्वेपर्यंत, कारण रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंत आलेली नव्हती. दाबण्याआधी दाजीबा वरवर एक हात फिरवीत आणि गाठीवर छाप पडे ती दाजीबांची. म्हणजे पारख माझी असली तरी मुंबईला गाठ खराब निघाली तर नाव खराब व्हायचे दाजीबांचे. ते साठीपलीकडे गेले होते आणि दोन ठिकाणी दोन पारखी कशाला, असे शेटजी अधूनमधून बोलून दाखवू लागले होते. गावी दाजीबांना जमिनीचा तुकडाही नव्हता. पुतण्यांच्या ओसरीवर दिवस काढावे लागले असते, आणि ते पुतणे कसे आहेत हे मी पाहिलेले होते.

तर सवयी. पहिली गुरुवारची. गुरुवारी आमची खरेदी बंद असे. आठवडाभर घेतलेल्या प्रत्येक मालातली चिमूटभर रुई मी वेळूच्या बोटभर नळीत दाबून भरीत असे, तोंडाला चिंधीचा बोळा. नळीच्या बुडाशी खुणा. मी त्या दिवशी चांगली म्हटले असेल तर एक खाच, मध्यमला दोन. गुरुवारी सकाळी त्या सगळ्या नळ्या मी पारूबाईच्या पदरात टाकी. पारूबाई आमच्या आवारात रेच्यावर बसत असे. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करायचे लाकडी यंत्र. ती नळ्या कालवून एकेक माझ्या हातात देई. मी डोळे मिटून पुन्हा पारख सांगायची आणि तिने खाचा मोजायच्या. सोमवारचा मी आणि गुरुवारचा मी यांचे जमले तर ठीक. नाही जमले तर पारूबाई नुसती हुं म्हणे. पहिल्या महिन्यात विसांतल्या सात-आठ नळ्यांना हुं आला. वर्षाअखेर एखाद्याच नळीला येऊ लागला. पण एकही हुं न आलेला गुरुवार मला जास्तच छळी, कारण मग वाटे की बाई कंटाळून खाचा मोजायचे सोडून तर बसली नाही ना.

तोंडाच्या बोळ्यामुळे नळीतली रुई हवेला लागत नसे. हे पुढे महत्त्वाचे ठरले म्हणून सांगून ठेवतो.

दुसरी सवय प्रश्नाची. आठवड्यातून एकदा, कापसाशी संबंध नसलेल्या एका माणसाला विचारायचे की, माझे काम तुझ्याकडे असते तर तू ते कसे केले असतेस. बहुतेक जण आपलेच रडगाणे गात. देवळातल्या मृदंग वाजवणाऱ्याने सांगितले, पोते वाजवून पाहा, ओल्याचा आवाज बसका येईल. मी आठवडाभर बाजारात पोती बडवीत हिंडलो. आवाज सगळ्या पोत्यांचा सारखाच बसका होता आणि लोक आपसांत म्हणू लागले की गणपतच्या डोक्यावर परिणाम झाला. एका गाडीवानाने मात्र लाख मोलाची गोष्ट सांगितली. म्हणाला, चाकोरी पाहा. तितकीच पोती असून चाक खोल रुतले असेल तर आत रुईशिवाय आणखी काही आहे. तेव्हापासून गाडी उभी राहिली की मी आधी जमिनीकडे बघू लागलो.

आणि एका आठवड्यात मी आईला विचारले. आम्ही माळी. अमरावतीबाहेर आमचा भाजीचा मळा. आई कांद्याचे बी पुरचुंडीत बांधण्याआधी ते गालाला लावून पाही. मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो आणि कधी विचारले नव्हते. विचारले तेव्हा ती म्हणाली, "हाताले काम करून करून घट्टे पडते बाबू. गालाले कुठं घट्टे पडते?"

दुसऱ्या दिवसापासून मी रुई गालाला लावू लागलो. ओल जिथे बोटांना कळत नव्हती तिथे गालाला चटकन गार लागे. विशेषतः थंडीत, जेव्हा हात इतके गारठतात की ओले-कोरडे सारखेच वाटते. बाजारात हसले लोक. कापसाचा मुका घेणारा पारखी, असे माझे नाव पडले. पण ओला माल घेऊन येणारे मला टाळू लागले आणि शेटजींना ते कळले. दाजीबांना हे समजले तेव्हा त्यांनी अकोल्याहून निरोप धाडला की, म्हातारपणी आता मीही मुका घ्यायला शिकतो. माझ्या कामातली मी स्वतः शोधलेली एवढी एकच गोष्ट आणि तीसुद्धा आईची.

माघातला एक सोमवार. मुंबईहून एक गोरा खरेदीदार आला होता. त्याचे मन बसले तर शेटजींचा सगळा माल तो एकटाच घेणार होता. शेटजी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, उद्या ते गालाचे सोंग नको, साहेब हसेल, आपण गावंढळ दिसू. मी मान डोलावली. खरे सांगायचे तर मलाही बरेच वाटले. मला स्वतःलाही साहेबापुढे रुईला गाल लावून उभे राहायचे नव्हते.

सकाळी इतकी थंडी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. एरवी मी बाजूच्या शेकोटीवर हात शेकून मग पोत्यात घालीत असे. त्या दिवशी साहेबाची वाट पाहत तासभर हात जोडून उभा. तो आला आणि लगेच सुरुवात झाली. एकाच बागायतदाराच्या पंधरा गाड्या. मी हात घालीत गेलो, धागा ओढीत गेलो, चांगली, चांगली, चांगली. साहेब माझ्या बोटांकडे पाहत होता. शेटजी साहेबाकडे पाहत होते. शेवटच्या पोत्यानंतर साहेबाने काहीतरी म्हटले आणि शेटजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी आजवर कधी मारली नव्हती. नळ्या मात्र मी भरल्या होत्या. ती सवय साहेबाला दिसण्यासारखी नव्हती.

मंगळवारी त्या गाड्या अकोल्याला निघाल्या.

गुरुवारी पारूबाईने एक नळी माझ्या हातात देण्याआधी बोळा काढला आणि थांबली. मी डोळे मिटून हात पुढे करून बसलो होतो. नळी येईना. मग तिने ती माझ्या नाकाखाली धरली. पावसाळ्यातल्या घोंगडीसारखा कुबट वास आला.

"हे कोनाचं हाय, गणपतभाऊ? याले तं ओल लागली."

मी डोळे उघडले. बुडाशी एक खाच. मी दुसरी नळी उघडली, तिसरी उघडली. सोमवारच्या पंधरांपैकी अकरांना तोच वास होता.

मला त्यानंतर काय वाटले ते नीट सांगता येत नाही. आधी मनात आले ते दाजीबांचे नव्हते, हे कबूल करतो. आधी आले ते असे की, हे पारूबाईशिवाय कुणाला माहीत नाही. ती कुणाला सांगायची नाही. नळ्या चुलीत टाकल्या की झाले. अकोल्याला त्या रुईच्या गाठी होतील, मुंबईला जातील, महिन्याने तिथे उघडतील आणि कुजक्या गाठींवर छाप असेल दाजीबांची. मी दुपारपर्यंत आवारात येरझाऱ्या घालीत होतो. पारूबाई रेचा फिरवीत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ती बोलली असती तर बरे झाले असते.

दुपारी मी एक दमणी ठरवली आणि अकरा नळ्या पंच्यात बांधून निघालो. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी, पण माझ्या घाईच्या मानाने तीही जडच. मूर्तिजापूर येईपर्यंत मी गाडीवानाला इतक्यांदा किती राहिले म्हणून विचारले, की त्याने उत्तर द्यायचे सोडून दिले. रस्त्यात अकोल्याहून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या दिसल्या की मी वाकून चेहरे निरखी. आपलेच गाडीवान तर नाहीत? माल उतरवूनसुद्धा झाला का? दाबाला सुरुवात झाली असेल का? एकदा दाबली की गाठ फोडणे म्हणजे बोभाटा. मी एक-दोनदा नळ्या उघडून वास घेतला, आपल्याला भास तर झाला नसेल या आशेने. वास होताच. तरी पुन्हा पुन्हा सगळ्या उघडून पाहत राहिलो.

शनिवारी सकाळी अकोल्याच्या आवारात शिरलो आणि दारातच थबकलो. सगळी रुई अंगणात, ताडपत्र्यांवर, उन्हात पसरलेली. बायका ती हाताने परतीत होत्या. दाब बंद. एकही गाठ बांधलेली नव्हती. दाजीबा सावलीला बसले होते. मला पाहून म्हणाले, "आला का. बस. पानी पे."

मी तिथेच बसलो. हसू की रडू असे झाले होते. दाजीबांचे हात मी डोळ्यांना लावले. म्हाताऱ्याने माझी चूक पकडली, सावरली, दोन दिवस ऊन दाखवले की माल पुन्हा चांगला होईल, कुणाचेच काही बिघडणार नाही. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत बाहेर घोड्यांच्या टापा वाजल्या.

शेटजी साहेबाला अकोल्याचे आवार दाखवायला घेऊन आले होते. गाठी बांधून तयार असतील आणि सोमवारी माल रेल्वेकडे निघेल, असा शब्द त्यांनी साहेबाला दिला होता. समोर अंगणभर रुई वाळत पडलेली. साहेबाचा चेहरा पडला. शेटजींचा लाल झाला. त्यांनी विचारले, हे काय आहे.

मी उठून उभा राहिलो. पण दाजीबा माझ्याआधी बोलले. अगदी सावकाश, जणू काही भाजीचा भाव सांगताहेत.

"माह्या आवारात भिजलं जी. दव पडलं, आन् झाकाचं राह्यलं."

मी म्हणालो की हे खोटे आहे. चूक माझी आहे, सोमवारी अमरावतीतच माल ओला होता, मला कळला नाही. मी पंचा सोडून नळ्या शेटजींपुढे ठेवल्या. म्हटले, वास घ्या. शेटजींनी एक उचलली, उलटी केली, रुई तळहातावर घेतली. कोरडी ठणठणीत होती. दोन दिवस रस्त्यात मीच ती उघडून उघडून पाहिली होती. माघाचे कोरडे वारे लागून सगळा वास उडून गेला होता. त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. साहेबालाही दाखवली. साहेबाने ती बोटांत ओढून मान डोलावली. चांगली आहे, असेच म्हणाला असणार.

मी पारूबाईचे नाव घेतले. शेटजी म्हणाले, रेचावाली काय सांगणार. मी म्हणालो, माझे हात गारठले होते, मी गाल लावला नाही, तुम्हीच नको म्हणाला होतात. हे मी बोलायला नको होते. शेटजींचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. माझे खरे मानायचे तर सोमवारी साहेबाच्या नाकासमोर, त्यांच्याच हुकमाने ही चूक झाली असे ठरत होते. दाजीबांचे मानायचे तर एका म्हाताऱ्याचा विसरभोळेपणा. ते हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरूसाठी झूठ बोलतो, गणपत. असाच माणूस पायजे मले."

त्याच जागी त्यांनी ठरवून टाकले. सोमवारपासून दोन्ही बाजार माझ्याकडे. दाजीबांनी पुष्कळ काम केले, आता गावी जाऊन विसावा घ्यावा. सगळे अगदी गोड शब्दांत झाले. साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला. तो हात सोडवून घ्यायचे मला सुचले नाही.

ते गेल्यावर मी दाजीबांवर चिडलो. गुरूवर आवाज चढवायची ती माझी पहिलीच वेळ. म्हटले, तुम्हाला कुणी मधे बोलायला सांगितले होते? मी इतक्या लांबून कशासाठी आलो होतो? तुमच्या हाताने माल वाचवला आणि तुम्हीच चोर ठरलात. काहून केलं तुमी असं?

त्यांनी अंगणातल्या बायकांकडे बोट केले. मग म्हणाले, "माह्या हातानं नाई वाचवला रे. मी तं चांगला हाय म्हनून दाबाखाली लोटून रायलो होतो. त्या बाया बोंबलल्या, वास येते म्हनून. मले अजूनबी येत नाई वास. गाल लावून पाह्यला, त्यालेबी समजत नाई. सालभर झालं."

वर्षभर माझ्या पारखीवर शेवटचा हात म्हणून ज्यांचा मी आधार धरला होता त्या हातांना काही कळतच नव्हते. वर्षभरात आणखी काय काय तसेच गेले असेल, देव जाणे. हे सगळे मला समजले, पण नंतर. त्या घटकेला मला काय वाटले ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला असे म्हटले तरी चालेल. मला सुटल्यासारखे वाटले. म्हणजे म्हातारा जाणारच होता. आज ना उद्या. म्हणजे माझ्यामुळे गेला असे नाही. दोन दिवसांचा छातीवरचा धोंडा एकदम उतरला आणि मला भूकसुद्धा लागली. दाजीबांनी त्यांच्या शिदोरीतली भाकरी माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली.

सोमवारी ते गावाकडे निघाले तेव्हा मी बाजारात होतो. निरोप द्यायला गेलो नाही. खरेदी सुरू झाली होती, हे कारण होते.

त्यानंतर तीस वर्षे मी दोन्ही बाजार सांभाळले. नाव झाले. तरुण लोक माझ्या सवयी विचारायला येऊ लागले आणि मी त्या सांगत आलो, आजही सांगितल्या. अकोल्याला जुने शेतकरी माल घेऊन आले की पोते सोडता सोडता विचारीत, म्हातारबा काहून गेले जी? मी पोत्यात हात घालून म्हणत असे, हात गेले होते त्यांचे. आणि कुणी पुढे काही विचारीत नसे, कारण ते खरेच होते.